मे महिन्याची सुट्टी, हातात कुदळ: श्रमदान शिबिरातून खरंच काही शिकता येतं का?

शाळेतला 'कार्यानुभव'चा तास आठवतोय? आठवड्यातून एकदा यायचा. कुणी क्रेप कागदाची फुलं करायचं, कुणी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरायचं, वहीत शेरा मिळायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताच्या किंवा इंग्रजीच्या बाई घेऊन टाकायच्या आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटायचं नाही.

या विषयामागची मूळ कल्पना मात्र कागदी फुलांची नव्हती. विद्यार्थ्यानं शेतात, कारखान्यात, गावात, म्हणजे जिथे खरं काम चालतं तिथे हात लावावा आणि त्यातून शिकावं, असा तिचा अर्थ होता. ही कल्पना देशाच्या शिक्षण धोरणात आणणाऱ्यांपैकी एक नाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीशी जोडलेलं आहे.

आज सुट्टीत श्रमदान शिबिराला जाणं, किल्ल्यावर संवर्धनाला जाणं, शेतावर राहून काम करणं याकडे तरुण पुन्हा वळताना दिसतात. इन्स्टाग्रामवर त्याचे रील्सही भरपूर आहेत. पण त्यातून हाताला खरंच काही येतं का? की फोटो काढून परत? आणि ज्या गावात आपण जातो, त्या गावाला त्याचा काय फायदा?

थोडक्यात

- 'कार्यानुभव' आणि 'समाजसेवा' शिक्षणाचा भाग असावा ही शिफारस १९६६ च्या कोठारी आयोगाची. आयोगाचे सदस्य-सचिव होते गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक डॉ. जे. पी. नाईक.
- सात दिवसांच्या शिबिरात कुणी कारागीर होत नाही. पण एखादं काम नीट कसं होतं आणि कुठे चुकतं, हे कळू शकतं.
- त्यासाठी तीन गोष्टी लागतात: गावाला हवं असलेलं काम, शेजारी उभा असलेला जाणकार आणि काम तपासण्याची सोय.
- शिबिर निवडण्याआधी काही साधे प्रश्न विचारले तर चांगलं शिबिर आणि नुसता इव्हेंट यातला फरक लगेच कळतो.

जे. पी. नाईक कोण होते?

जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडी या गावी झाला. स्वातंत्र्य चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. बळ्ळारीच्या तुरुंगात आजारी कैद्यांची शुश्रूषा करता करता ते रुग्णसेवा शिकले. सुटल्यावर ते धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या गावात जाऊन राहिले आणि तिथे आरोग्य, स्वच्छता, शिक्षण अशी गावसुधारणेची कामं केली. म्हणजे सेवा करता करता कौशल्य शिकण्याचा अनुभव त्यांनी आधी स्वतः घेतला होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी गारगोटीत श्री मौनी विद्यापीठाची उभारणी केली. गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं मुख्य ठिकाण. कोल्हापूरपासून साधारण ५० किलोमीटर, वेदगंगा नदीच्या खोऱ्यात. विद्यापीठाला नाव दिलं गेलं ते याच तालुक्यातल्या पाटगावच्या मौनी महाराजांचं. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, अशी परंपरा सांगितली जाते.

नाईक पुढे केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयात सल्लागार झाले, भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. युनेस्कोनं जगभरातल्या शिक्षणविचारवंतांवर जी लेखमाला काढली, त्यात महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्याबरोबर त्यांचाही समावेश आहे. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

गारगोटीत काय वेगळं होतं?

नावात 'विद्यापीठ' असलं तरी गारगोटीची ही संस्था पदव्या देणारं नेहमीसारखं विद्यापीठ नव्हती. खेड्यातल्या मुलाला खेड्यातच, शाळेपासून उच्च शिक्षणापर्यंत सगळं मिळावं आणि ते आजूबाजूच्या गावांच्या गरजांशी जोडलेलं असावं, अशी ती कल्पना होती.

स्वातंत्र्यानंतर सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. त्यासाठी डोळ्यांसमोर एक उदाहरण होतं डेन्मार्कच्या लोकशाळांचं. १८४४ मध्ये डेन्मार्कमधल्या रोडिंग इथे अशी पहिली शाळा सुरू झाली. शेतीची कामं थंडावली की हिवाळ्यात तरुण शेतकरी तिथे येऊन राहायचे आणि एकत्र शिकायचे. परीक्षा नाही, पदवी नाही. सुट्टीत राहून शिकण्याच्या आजच्या अनेक उपक्रमांची मुळं या शाळांपर्यंत जातात.

भारतात १९५६ मध्ये केंद्र सरकारनं 'रूरल इन्स्टिट्यूट' म्हणजे ग्रामीण उच्च शिक्षण संस्थांची योजना सुरू केली. देशभरातून निवडलेल्या मोजक्या संस्थांमध्ये गारगोटीचं मौनी विद्यापीठ होतं. महाराष्ट्रातून अमरावतीची संस्थाही होती. या योजनेत ग्रामसेवेचा तीन वर्षांचा डिप्लोमा, शेतीविषयक अभ्यासक्रम आणि स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम होता. आसपासच्या गावांत जाऊन काम करणं हा शिक्षणाचाच भाग धरलेला होता.

त्या काळाची एक खूण गारगोटीत आजही दिसते. इथल्या पॉलिटेक्निकचं नाव आहे 'इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंग'. जिल्ह्यातली मुलं त्याला 'आयसीआरई' म्हणतात. त्यातला 'रूरल' हा शब्द कुठून आला, याचं उत्तर या इतिहासात आहे.

मग हा प्रयोग मागे का पडला?

मोठं कारण होतं कागद.

ग्रामसेवेचा डिप्लोमा घेतलेल्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी 'ही पदवीच्या बरोबरीची आहे का?' असा प्रश्न विचारला जायचा. सरकारनं समकक्षता दिली, तरी सगळीकडे ती मानली जाईलच असं नव्हतं. पालकांना आणि विद्यार्थ्यांना बी.ए., बी.एस्सी. हवं होतं आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. खेड्यातल्या मुलानं खेड्याचंच शिक्षण घ्यावं आणि शहरातल्यानं मात्र डॉक्टर-इंजिनिअर व्हावं, असा भेद त्यात अनेकांना दिसला. हळूहळू देशातल्या बहुतेक ग्रामीण संस्था नेहमीच्या विद्यापीठांशी जोडल्या गेल्या. गारगोटीचं महाविद्यालयही आज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे.

१९६४ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. १९६६ च्या अहवालात आयोगानं दोन गोष्टींवर भर दिला: प्रत्येक टप्प्यावर कार्यानुभव आणि समाजसेवा. पुढे त्यातून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट शाळेकडे गेली. कार्यानुभव हा विषय आला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं रूप दिलं. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत ना साधनं होती, ना शिकवणारे कारागीर. तास वेळापत्रकात राहिला, काम मात्र कागदी फुलांवर आलं.

दुसरी वाट महाविद्यालयाकडे गेली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना म्हणजेच एनएसएस सुरू झाली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा ढाचा आजही तोच आहे. महाराष्ट्रात लाखो जणांनी आयुष्यात पहिल्यांदा कुदळ हातात घेतली ती याच शिबिरात.

सुट्टी आणि श्रम: ही सांगड आणखी कुठे दिसते?

महाराष्ट्रात याची परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांची 'कमवा आणि शिका' योजना हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा.

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मेच्या मध्यावर, विदर्भाच्या उन्हात, राज्यभरातले तरुण तिथे जमतात. सकाळी श्रम, नंतर व्याख्यानं आणि चर्चा, रात्री गाणी. अनेक सामाजिक कार्यकर्ते त्यांच्या वाटचालीची सुरुवात या छावणीपासून सांगतात.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला भर थेट हाताच्या कामावर आहे: वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि पशुपालन, अन्नप्रक्रिया. शाळेत नापास झालेली मुलंही इथे वर्षभर राहून काम शिकतात. काम करता करताच त्यामागचं विज्ञान शिकायचं, हे तिथलं सूत्र.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. २०१८ पर्यंत ते ७५ झाले. १ मे रोजी शहरातून 'जलमित्र' गाड्या भरून गावांत जायचे. यात एक गोष्ट महत्त्वाची होती. कुदळ मारण्याआधी गावातल्या लोकांना तांत्रिक प्रशिक्षण दिलं जायचं.

जगात याला 'वर्क कॅम्प' म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या उद्ध्वस्त गावात असा कॅम्प भरवला. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतले तरुण तिथे एकत्र येऊन पडकी घरं पुन्हा बांधत होते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल भारतात आले आणि गावांच्या पुनर्बांधणीत उतरले. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये 'वूफ' ही चळवळ सुरू झाली. शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर जायचं, रोज काही तास काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण मिळवायचं. आज ती भारतासह अनेक देशांत आहे.

हात नेमकं काय शिकतात? तीन उदाहरणं

'कौशल्य' हा शब्द फार मोघम आहे. म्हणून तीन कामं जवळून पाहू. तिन्ही गारगोटीसारख्या डोंगराळ भागाला साजेशी आहेत.

१. समतल चर

डोंगरउतारावर पावसाचं पाणी थांबावं म्हणून आडवे चर खणतात. साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल. बघायला सोपं काम. पण चर पूर्ण लांबीत एकाच पातळीत हवा. एका टोकाला थोडा जरी उतार राहिला तर सगळं पाणी तिकडे धावतं, तिथला बांध फुटतो आणि माती अडण्याऐवजी वाहून जाते.

पातळी काढायची कशी? त्यासाठी 'ए-फ्रेम' वापरतात. तीन काठ्यांची इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची चौकट आणि वरून दोरीला टांगलेला दगड. चौकट उभी करून आडव्या काठीवर दोरी कुठे येते ती खूण करायची. मग दोन्ही पायांच्या जागा बदलून दुसरी खूण करायची. दोन खुणांचा बरोबर मध्य काढायचा. आता उतारावर चौकट सरकवत न्यायची. दोरी मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशा जागा फक्कीनं जोडल्या की चराची रेघ मिळते.

साहित्याचा खर्च जवळपास शून्य. पण भूमिती, गुरुत्वाकर्षण आणि पाण्याचं वागणं हे सगळं एका सकाळीत कळतं. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, आणि काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचं, हे दोन नियमही कायमचे लक्षात राहतात.

२. वनराई बंधारा

एनएसएस शिबिरांचं हे आवडतं काम. पावसाळा संपल्यावर ओढ्याला थोडं पाणी वाहत असतं. तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून आडवा बांध घालतात. अडलेलं पाणी रब्बीच्या पिकाला, जनावरांना, कपडे धुवायला उपयोगी पडतं.

शिकण्याची गोष्ट पोतं भरण्यात आहे. काठोकाठ भरलेलं पोतं दगडासारखं होतं, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निघून जातं. थोडं रिकामं ठेवून तोंड शिवलं तर ते दाबून बसवता येतं. वरचा थर लावताना विटांसारखा सांधा मोडायचा, म्हणजे खालच्या दोन पोत्यांच्या जोडावर वरचं पोतं यायला हवं. गवंड्याला हे सांगावं लागत नाही. पहिल्यांदा शिबिराला आलेल्याला मात्र पाणी गळायला लागल्यावरच कळतं.

हा बंधारा तात्पुरता असतो. पुढच्या पावसाआधी तो काढावा लागतो, नाहीतर वाहून जातो. त्यामुळे 'आम्ही गावाचा पाणीप्रश्न सोडवला' अशी पोस्ट टाकण्याआधी थोडं थांबलेलं बरं.

३. मधपेटी

गारगोटीहून आणखी आत, सह्याद्रीच्या कुशीत पाटगाव आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचे गाव' योजनेत महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये पहिलं गाव ठरलं. त्यानंतर पाटगाव आलं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०२३ च्या सर्वोत्तम पर्यटन गाव स्पर्धेतही पाटगावला कांस्य गटात स्थान मिळालं. त्यामुळे पर्यटक म्हणून आलेल्यांना मधमाशीपालन जवळून बघण्याची संधी इथे आहे.

इथली मुख्य माशी 'सातेरी'. ती अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत पाळता येतं. उघड्यावर भलंमोठं पोळं लावणारी 'आग्या' माशी पेटीत राहत नाही.

जुन्या पद्धतीत धूर-जाळ करून अख्खं पोळं पिळून काढत. त्यात अंडी-पिल्लंही चिरडली जात आणि वसाहत संपे. पेटीत खालचा कप्पा पिल्लांचा आणि वरचा मधाचा. मध घ्यायचा तो फक्त वरच्या चौकटींतून. चौकट मधयंत्रात फिरवली की मध बाहेर फेकला जातो आणि पोळं तसंच राहतं. ते परत पेटीत ठेवलं की माशांचे मेण बांधण्याचे कष्ट वाचतात.

नवशिक्यानं सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे सावकाश हलणं. झटका दिला, चौकट आपटली की माश्या बिथरतात. राणी ओळखणं, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवणं, पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा साखरेचं पाणी देणं, ही पुढची पायरी. हे सगळं एका भेटीत येत नाही. मधपाळ व्हायचं असेल तर महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचं रीतसर प्रशिक्षण आणि निदान एक पूर्ण वर्ष पेटी सांभाळण्याची तयारी हवी.

सात दिवसांत खरंच किती येतं?

साधारण अंदाज असा धरता येईल:

- एक दिवस: काम काय आहे हे कळतं. हाताला फोड येतात. मजुरीचे कष्ट म्हणजे काय, याचा अंदाज येतो.
- सात दिवस: एक छोटं काम देखरेखीखाली जमतं. उदाहरणार्थ, ए-फ्रेमनं रेघ आखणं. शिवाय ३० जणांचा स्वयंपाक, साहित्याचा हिशोब, गावकऱ्यांशी बोलणं हेही शिकून होतं.
- एक महिना: एकट्यानं काम करता येतं, पण वेग आणि सफाई नसते.
- एक वर्ष किंवा एक पूर्ण हंगाम: काम चुकलं तर का चुकलं हे सांगता येतं.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळाचं उदाहरण घ्या. काहिलीत रस उकळत असतो. भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढायची. पाक तयार झाला का, हे बघायला गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी वळते का ते बोटांनी बघतो. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गुऱ्हाळावर दोन दिवस घालवले तर ही प्रक्रिया समजेल. त्या बोटांना जे कळतं ते मात्र कित्येक हंगाम काम केल्यावरच कळतं. हा फरक लक्षात येणं हीसुद्धा चांगली कमाई आहे, कारण त्यानंतर कारागिराशी भाव करताना माणूस दहादा विचार करतो.

यावर आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप मजुरीचा. डोंगरावर चर खणणं हे रोजगार हमीचंही काम आहे. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि दुष्काळात हजारो कुटुंबांना या कामांनी जगवलं. शहरातून आलेल्यांनी तेच काम फुकट केलं तर गावातल्या मजुराचा रोज बुडतो का, हा प्रश्न विचारायलाच हवा. गावसभेनं श्रमदानासाठीच ठेवलेलं काम असेल तर हा प्रश्न येत नाही.

दुसरा आक्षेप देखभालीचा. झाड लावणं एका तासाचं काम, जगवणं तीन उन्हाळ्यांचं. शिबिरार्थी निघून गेल्यावर पाणी कोण घालणार, हे ठरलेलं नसेल तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप लागतं.

तिसरा आक्षेप पाहुणचाराचा. ४० जण गावात सात दिवस राहिले की पाणी, शौचालयं, सरपण, गावातल्या बायकांचा वेळ या सगळ्यावर ताण येतो. मे महिन्यात टँकर येणाऱ्या गावात तर हा विचार आधी हवा.

चौथा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे: मुलांचा. परदेशात 'व्हॉलंटुरिझम'वर मोठी टीका झाली ती अनाथालयांमुळे. नेपाळ आणि कंबोडियात आई-वडील असलेल्या मुलांनाही संस्थांमध्ये ठेवून पर्यटकांकडून पैसे घेतल्याचे प्रकार उघड झाले. चार दिवसांसाठी मुलांना लळा लावून निघून जाणं हे मुलांसाठीही बरं नाही. त्यामुळे पहिल्याच शिबिरात 'मुलांना शिकवायचंय' म्हणण्यापेक्षा माती-पाण्याचं काम निवडणं चांगलं.

किल्ल्यावर जाताना एक गोष्ट विसरू नका

गारगोटी परिसरात भुदरगड आणि रांगणा हे दोन किल्ले आहेत. गडसंवर्धन मोहिमांना तरुणांची गर्दी असते. प्लास्टिक गोळा करणं किंवा वाट मोकळी करणं वेगळं. पण तटबंदीचे दगड बसवणं, टाक्यातला गाळ उपसणं, सिमेंट वापरणं ही कामं संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. गाळात जुन्या वस्तू असू शकतात. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट लावलं तर ओल आत अडकते आणि दगडाचं नुकसान होतं. आयोजकांकडे परवानगीचं पत्र आहे का, हे विचारा. चांगली संस्था ते लगेच दाखवते.

शिबिराला नाव देण्याआधी विचारायचे प्रश्न

- हे काम गावानं मागितलंय का? ग्रामपंचायत किंवा गावसभेशी बोलणं झालंय का?
- काम शिकवणारा जाणकार कोण? तो गवंडी, शेतकरी, मधपाळ पूर्ण वेळ सोबत असेल का? त्याला त्याच्या वेळेचं मानधन मिळतंय का?
- मागच्या वर्षी केलेलं काम आज कसं आहे? बघायला मिळेल का?
- फी घेत असतील तर ती कशावर खर्च होते? जेवण, राहणं, प्रवास, साहित्य असा हिशोब देतात का?
- मुलींसाठी राहण्याची, शौचालयाची सोय काय? तक्रार करायची तर कुणाकडे?
- जवळचं रुग्णालय किती लांब? गाडी तयार असते का?
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घेतात का?

यातल्या निम्म्या प्रश्नांना 'या, मग बघू' असं उत्तर आलं तर दुसरं शिबिर शोधा.

सोबत काय न्यायचं?

बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी किंवा पंचा, पाण्याची बाटली, टॉर्च, ताट-वाटी-पेला, नेहमीची औषधं. मे महिन्यात काम सकाळी लवकर सुरू करून ऊन वाढायच्या आत थांबवायचं. दगड उचलताना आधी काठीनं हलवून बघा, खाली विंचू किंवा साप असू शकतो. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काहीही करू नका. हालचाल कमीत कमी ठेवून थेट रुग्णालयात न्या. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर पेटीजवळ जाऊच नका आणि आयोजकांना आधी सांगा.

प्रमाणपत्राचं काय?

गारगोटीचा प्रयोग कागदावर अडला, असं वर म्हटलं. आता चित्र थोडं बदलतंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'दप्तराविना' दिवसांची तरतूद आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकावं, आणि सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीतही अशी संधी मिळावी, असं धोरण सांगतं. महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांच्या नव्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाच्या कामाला क्रेडिट आहेत.

म्हणजे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये मांडलेली गोष्ट पुन्हा वेळापत्रकात आली आहे. धोकाही तोच जुना आहे. क्रेडिट मिळवण्यासाठी अहवाल लिहून टाकायचा, सहीशिक्का घ्यायचा आणि काम न करताच मोकळं व्हायचं, असं झालं तर कागदी फुलांचा तास फक्त महाविद्यालयात पोहोचेल.

शिबिर नाही मिळालं तर?

त्यासाठी लांब जायलाच हवं असं नाही. गावाकडच्या हंगामाकडे बघितलं तर वर्षभर शिकण्याजोगं काही ना काही चालू असतं:

- जून-जुलै: भाताची लावण. मावशी-काकूंच्या रांगेत एक दिवस वाकून उभं राहा.
- उन्हाळा ते श्रावण: कुंभारवाड्यात गणपतीचं काम. माती मळण्यापासून सुरुवात करा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: वनराई बंधारे. आपल्या महाविद्यालयाच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.
- दिवाळीनंतर: गुऱ्हाळं. काहिलीपासून लांब उभं राहून बघा, विचारल्याशिवाय हात लावू नका.
- एप्रिल-मे: चर, विहिरीतला गाळ, घराची शाकारणी, पापड-कुरडया, लोणची.

यादीतलं शेवटचं काम पाहून हसू येईल. पण कुरडयांचा चीक किती घोटायचा, हे ज्या आजीला कळतं तीही जाणकारच आहे, आणि तिच्या शिबिराला फी नाही.

कोणतंही काम निवडलं तरी एक गोष्ट करा. सहा महिन्यांनी तिथे परत जा. चरात पाणी थांबलं का, बंधारा किती दिवस टिकला, रोप जगलं का, पेटीत माश्या आहेत का, ते बघा. आपल्या हाताला किती आलं, याचं उत्तर तिथेच मिळेल.